विमल, तू सभ्यपणानं गेलीस

विमे, तुझ्या सरणासमोर उभी राहून मी माइकवरून तीन शब्द बोलले. सोज्वळ, मनमिळाऊ, हसतमुख. हे तिन्ही शब्द आपण सोळाव्या वर्षी बंद केले होते. जो कोणी मेलेल्या माणसाबद्दल हे वापरील त्याला आपल्या वहीच्या पुढच्या पानावर गोष्टीत मारायचं, असं तूच ठरवलं होतंस. म्हणजे आता माझा नंबर.

आज पंधरावा दिवस. तुझ्या कॉलेजातून दोनदा फोन येऊन गेला. स्मरणिका काढताहेत, बालमैत्रीण म्हणून मी दोन पानं द्यायची, जरा भावपूर्ण असू द्या म्हणाले. ही ती पानं. ते छापणार नाहीत हे मला माहीत आहे, त्यामुळे हात मोकळा आहे. आयुष्यभर मी तहसील कचेरीत फेरफारावर ‘मयत’ हा शब्द लिहीत आले, कधी हात अडखळला नाही. तुझ्या नावापुढे लिहायचा म्हटलं तर सकाळपासून दोनदा चहा झाला आणि तरी अजून लिहिलेला नाही.

लातूरच्या स्मशानभूमीत तुझ्यासाठी माइक लावला होता. आपल्याकडे बारसं असो की सरण, माइकशिवाय कार्य पार पडत नाही. सूत्रसंचालक तोच, ज्यानं आदल्याच दिवशी तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला निवेदन केलं होतं. तसाच घसा खाकरला, तशीच आधी फुंकर मारली. मग एकेकाला पदाप्रमाणे पुकारणं सुरू झालं. आजी, माजी, भावी. ऊन चढलं, तुझी सून भिंतीला टेकली, पण उपाध्यक्षांचं राहिलं होतं. अध्यक्ष वीस मिनिटं बोलले, त्यातली बरीचशी नव्या इमारतीबद्दल. तुझं नाव त्यांनी एकदा विमल आणि एकदा कमल घेतलं. लोकांनी दोन्ही वेळा माना हलवल्या.

हे सगळं आपण वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, आठवतं ना? उमरीचे ते पुढारी मेले, त्यांच्या अंत्यविधीला इतकी नावं पुकारली गेली की शेवटी पुढारीच उठले, अंगावरची फुलं झटकली आणि घरी जाऊन चहा मागितला. मी खरंच एकदा तुझ्याकडे वळून पाहिलं. तू उठली नाहीस. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि मी ते तीन शब्द बोलून खाली आले.

ही सगळी करणी दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज पोरीची. तिच्या मोठेपणीच्या कादंबऱ्या तू पुढं तीस वर्षं पोरांना शिकवल्यास. लग्नं, स्थळं, चहा, पावसात भिजून आलेलं सर्दीपडसं. पण नांदेडच्या कॉलेजच्या लायब्ररीत आपल्या हाती तिचं आधी आलं ते भलतंच. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना घरच्यांना वाचून दाखवायला लिहिलेल्या गोष्टी होत्या त्या. उमरीहून नांदेडला आपण पॅसेंजरनं जायचो, तुझ्या मांडीवर पुस्तक, माझ्या मांडीवर डिक्शनरी. गाडी मुदखेडला रखडायची आणि आपल्याला ती रखडलेलीच हवी असायची. त्या गोष्टींत माणसं उठसूट बेशुद्ध पडायची, चोऱ्या करायची, दारू प्यायची, आईबापांना खपवायची आणि पुढच्याच वाक्यात कुठंतरी पाहुणचाराला जायची. लिहिणारीला कुणाची म्हणून दया नव्हती. इतकी दुष्ट मुलगी आपल्या उमरीतही नव्हती, आणि आपण दोघी धरून उमरी काही कमी नव्हती.

तू पुस्तक मिटून म्हणालीस, “छाये, ही आपल्यातलीच हाय.”

समोर भाजीची टोपली घेऊन बसलेली एक मावशी आपल्याकडे कधीची बघत होती. “का हसून राहिल्या गं पोरींनो?”

“एक बाई मेली, मावशी.”

“आन् तुमी हसून राहिल्या?”

“लई वाईट मेली हो,” तू म्हणालीस आणि मी बाकावरून खाली घसरले. मावशीनं टोपली उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात आपली वही सुरू झाली. उमरीच्या स्टेशनात बाकड्यावर आळीपाळीनं बेशुद्ध पडायचा सरावही तेव्हाचाच. एकीनं पडायचं, दुसरीनं तिला सावरायचं, सावरता सावरता “आता माझी पाळी” म्हणून आपणही पडायचं. स्टेशनमास्तरांनी एकदा पाणी मारलं तेव्हा तो खेळ थांबला. वही मात्र चालू राहिली. वहीत ओळखीतली जिवंत माणसं मारायची, हा मुख्य उद्योग. माणूस त्याच्या स्वतःच्याच स्वभावानं मेला पाहिजे, बाहेरचं कारण चालणार नाही, अशी तुझी अट. आणि गोष्ट संपताना मागे उरलेले जेवायला बसले पाहिजेत, अशी माझी. त्या इंग्रज पोरीत असं काही नव्हतं. ते आपलं होतं. आपण मयतीवरून आलेली माणसं पाहिली होती. ती अंघोळ करतात आणि जेवतात.

तुझ्या आत्याचं मरण तू लिहिलंस. वरणात मीठ कमी आहे, हे सांगितल्याशिवाय ती बाई कुणाच्या घरातून उठली नव्हती. वहीत ती घरोघर मीठ कमी असल्याचं सांगत गाव ओलांडून विहिरीवर गेली, विहिरीचं पाणीही अळणी आहे की काय ते बघायला वाकली, आणि संपली. बाकीचे वरणावर तूप घेऊन जेवायला बसले. माझे मामा टॉवेल-टोपीच्या मानावरून मेले. लग्नात त्यांचं नाव माइकवरून तिसरं पुकारलं म्हणून ते रुसून मांडवाबाहेर गेले. त्यांची समजूत काढायला गेलेले काका, आपल्याला कुणी सन्मानानं समजूत काढायला पाठवलं नाही म्हणून रुसले. असे एकेक करत सगळे बाहेर, आत नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना म्हातारे झाले. तू ते वाचून म्हणाली होतीस की नवरा-नवरीला फुकट मारलंस, त्यांचा काय दोष. मी म्हणाले, ते उभे राहिले हाच दोष.

मग एकदा वही तुझ्या आईच्या हाती लागली. काकू चुलीपुढं बसल्या होत्या.

“काय लिवून राहिल्या दोघी? वाचा.”

तू वाचलंस. आत्या म्हणजे काकूंची सख्खी नणंद. विहिरीपाशी येईपर्यंत त्यांचा चेहरा दगडाचा होता. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला आणि त्या इतक्या हसल्या की भाकरी करपली.

“जाळून टाका आधी ती वही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बापानं बगितली तर दोघींचं कालेज बंद.” मग भाकरी उलटवत, आपल्याकडे न बघता म्हणाल्या, “पन ते इहिरीचं एकडाव पुन्ना वाच.”

आपली दोघींची पानं आपण सगळ्यात शेवटी लिहिली. मी तुझं, तू माझं. एकमेकींना न दाखवता दोन्ही पानं सुई-दोऱ्यानं शिवून टाकली. जी आधी जाईल तिचं पान मागं राहिलेलीनं सगळ्यांसमोर वाचायचं, काही झालं तरी वाचायचं, असं वचन दिलं. मी तुझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. त्या दिवशी माइक हातात असताना ते ओठांवर आलं होतं. समोर अध्यक्ष, तुझी मुलं, तुझे विद्यार्थी. मी सभ्यपणा केला. तुझ्यावर ज्या गोष्टीसाठी चाळीस वर्षं तोंडसुख घेतलं तीच मी तुझ्या सरणासमोर केली.

तू लग्न होऊन लातूरला गेलीस तेव्हा वही जाळली म्हणून सांगितलंस. मी सहा महिने बोलले नाही. तुला वाटलं असेल की तू सासरी गेलीस म्हणून मला वाईट वाटतंय. मला वहीचं वाईट वाटत होतं. तुझंही वाटत होतं, पण ते मी तेव्हा कबूल केलं नसतं.

पुढं तू बदललीस. सुती साड्या, हळू आवाज, सगळ्याला “खरंय तुमचं”. मूर्खातल्या मूर्ख माणसालाही “खरंय तुमचं”. भेटलो की आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, ती इंग्रज पोरगी खरी, पुढची बाई घरच्यांनी माणसाळवलेली. बघ ना, ती गेल्यावर तिच्या माणसांनी त्या वह्या कितीतरी वर्षं बाहेर येऊ दिल्या नाहीत, बाईची अब्रू जाईल म्हणून. तू शांतपणे सांगायचीस की मोठेपणीही तिनं दुष्टपणा सोडलेला नाही, त्याला फक्त पाहुण्यांत बसायचं वळण लावलं. लहानपणी सगळ्यांना मारून झालं होतं म्हणून तर पुढं तिला माणसं जिवंत ठेवता आली, असं तू म्हणायचीस. हे वाक्य तू वर्गातही म्हणत असशील. मला ते पटायचं आणि त्यामुळं जास्तच राग यायचा. मागच्या वर्षी मी तुला बोलले, “तिला घरच्यांनी तरी गप्प केलं. तुला कुणी करायचीसुद्धा गरज पडली नाही, तू आपण होऊन झालीस.” तू उठलीस. मग म्हणालीस, “चहा घेशील?” ते भांडण तिथंच राहिलं.

आता तो कार्यक्रम. स्मरणिकेत सगळे लिहितील की सत्काराच्या दिवशीच काळानं घाला घातला. काळाचा काही संबंध नव्हता.

मी तुझ्याकडे दोन दिवस राहायला आले होते. अध्यक्षांचा वाढदिवस, त्यात निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार, मलाही ओढून नेलंस. पहिल्या रांगेत सोफ्यावर आपण दोघी. अध्यक्ष बोलत होते. सुरुवातीला त्यांच्या लहानपणातून निघाले होते, बराच वेळ झाला तरी मॅट्रिकला पोचले नव्हते. तू माझ्याकडे झुकलीस.

“छाये, छातीत जड वाटून राहिलंय.”

“हे ऐकून माझ्या बी वाटून राहिलंय,” मी म्हणाले. “पहिल्या रांगेतल्या समद्यांनाच वाटत असंल.”

तू हसलीस. पदर तोंडाला लावून, काकू हसायच्या तशी. मला इतका आनंद झाला, विमे. कित्येक वर्षांनी तू माझ्या दुष्टपणाला अशी हसलीस.

थोड्या वेळानं तू म्हणालीस, “घाम आलाय बघ.”

“सत्काराचा नंबर जवळ आला म्हणून.”

“बाहेर जाऊ का जरा?” तू विचारलंस. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणालीस, “न्हाई, नको. ते बोलून राहिलेत. बरं दिसत न्हाई.”

“मर मग इथंच,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. आपल्याकडे हे रोज दहादा म्हणतात, मीही तुला हजारदा म्हटलं असेल. पण त्या दिवशी म्हटलेलं त्या दिवसाचं आहे.

तुझं नाव पुकारलं. तू उठलीस, पायऱ्या चढलीस, शाल घेतलीस, नारळ घेतलास, अध्यक्षांना वाकून नमस्कार केलास, फोटोसाठी थांबलीस. खाली येताना कठडा धरला होतास, ते मी पाहिलं. सोफ्यावर बसलीस आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलंस. मला वाटलं, स्टेशनातला खेळ आठवला हिला. मला खरंच तसं वाटलं. मी तुझ्या कानात म्हणाले, “आता माझी पाळी.” आणि मीही मान टाकली. आपण दोघी साठी उलटलेल्या बाया पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलो, आणि त्यातल्या एकीला मजा येत होती.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मागच्या रांगेतली एक बाई ओरडली तेव्हा मी डोळे उघडले. अध्यक्षांचं भाषण त्यानंतरच थांबलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला पाहिजे होतं. ते सगळ्यांनाच म्हणत असतील. पण मी एकटीच समोर उभी होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर भावजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तुझा नवरा चाळीस वर्षांत माझ्याशी धड दहा वाक्यं बोललेला नाही. त्यांनी कपाटातून पेपरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

“हे तुमी घेऊन जा. लेकराइच्या हाती नको.”

मी गुंडाळी उघडली. वही होती. तीच, कोपरा उंदरानं खाल्लेली.

“वाचलीत?” मी विचारलं.

“हाव. माझं बी पान हाय त्याच्यात,” ते म्हणाले. “खरंय ते.” मग बाहेरच्या माणसांत जाऊन बसले.

तू जाळली नव्हतीस. आणि नुसती ठेवली नव्हतीस, लिहीत होतीस. लग्नानंतर कोऱ्या उरलेल्या पानांवर, मग मध्ये नवे कागद शिवून, अगदी गेल्या दिवाळीपर्यंत. सासू, दीर, विभागप्रमुख, परीक्षक. अध्यक्ष तर इतक्यांदा मेलेत की शेवटी तुलाच कंटाळा आलेला दिसतो. एकदा वीज गेली, माइक बंद पडला आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येईना म्हणून ते गुदमरून गेले, हे मला सगळ्यात आवडलं. भावजी वर्तमानपत्राआड मेले. तिसऱ्या दिवशी रद्दीवाल्यानं सांगितलं तेव्हा घरात कळलं. हेच वाचून ते म्हणाले होते की खरंय. मी तुझ्या घराच्या आतल्या खोलीत बसून हसले, बाहेर तुझी सून रडत होती. मग मला तुझा भयंकर राग आला. तू सगळी वर्षं त्या इंग्रज पोरीसारखीच होतीस आणि मला सांगितलं नाहीस. भांडण तूच जिंकलीस, आणि जिंकल्याचं कळू दिलं नाहीस. एकटी हसत बसलीस. मला का नाही वाचून दाखवलंस?

याचं उत्तर शिवलेल्या पानात निघालं. घरी नांदेडला येऊन मी दोरा उसवला. सोळा वर्षांच्या तुझ्या गिचमिड अक्षरात माझं मरण होतं. छायाच्या घराला आग लागते. शेजारी ओरडून सांगतात. छाया म्हणते, काय गंमत करता. धूर येतो, छाया म्हणते, काय गंमत करता. छताचा वासा पडतो तेव्हा ती इतकी हसत असते की तिला पळता येत नाही. बाकीचे तिच्या अंगणात जेवायला बसले.

स्वभाव तू बरोबर ओळखलास; तू खरं दुखणं वाचून दाखवलं असतंस तरी मी गंमतच समजले असते. तो किती जणांना मारायला पुरेल, तेवढं तुझं चुकलं.

आणि मी तुझ्यावर लिहिलेलं पान साफ चुकलं. मी लिहिलं होतं, विमल आपलीच जीभ चावून मेली, जिभेला विष फार होतं. पंधरा दिवस मला एकच गोष्ट कुरतडतेय. तू पहिल्या रांगेत माझ्या विनोदाला हसलीस, तेव्हा तुला खरंच हसू आलं होतं का? की छातीत कळ असताना अध्यक्षांचा मान राखलास, तसा माझाही राखलास? हे तुलाच माहीत होतं.

वचन मोडलं ते मोडलं. पण जुनं पान मी खोडलंय आणि खाली नवं लिहिलंय. वहीत आता जागा तेवढीच होती. वाचते.

विमल. ही फार सभ्य बाई होती. तिच्या छातीत दुखत होतं, पण समोर अध्यक्ष बोलत होते म्हणून ती उठली नाही. शेजारी तिची मैत्रीण विनोद करत होती म्हणून ती हसली. दोघांचंही मन राखून झाल्यावर ती मयत झाली. सगळे स्मशानातून आले, अंघोळी केल्या, सोयऱ्यांनी कडू घासाला पिठलं-भाकरी आणली होती, बाकीचे जेवायला बसले. मैत्रिणीनं दोन भाकरी खाल्ल्या. पिठल्यात मीठ कमी आहे, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि सवयीनं उजवीकडं वळून पाहिलं. हसायला कोणी नव्हतं.